स्विचलाच विचारा!

मुलांनो, संगणक कक्षातली तारा खोचलेली पेटी पाहिलीय ना? तो स्विच. चोवीस तारांपैकी कुठली बंद पडली, हे कसं कळणार? सोप्पं! स्विचलाच विचारायचं. त्यासाठी 1988 साली ‘एसएनएमपी’ ही प्रश्नोत्तरांची पद्धत ठरली. ‘तिसरं पोर्ट चालू आहे का?’ उत्तर आकड्यात येतं: 1 म्हणजे चालू, 2 म्हणजे बंद. किती बाइट आले, किती चुका झाल्या, हेही तो मोजून ठेवतो. पण सावधान! जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द तारेतून उघडाच जातो. शिवाय पुष्कळदा तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असतो. मग कुणीही विचारील! म्हणून तिसरी आवृत्ती वापरावी. तिच्यात मजकूर सांकेतिक करून पाठवता येतो. किल्ली दारालाच लटकवून कुणी गावाला जातं का?