शहराच्या वेशीवरची जमीन आणि आपली हरकत

आखातात नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांचे नाव गावाकडच्या एखाद्या सात-बारावर असतेच. वडिलोपार्जित दोन-तीन एकर, त्यात चार-पाच हिस्सेदार, आणि कसणारे एखादे काका किंवा चुलत भाऊ. या जमिनीकडे आपण भावनेने पाहतो, हिशेबाने पाहत नाही. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर ही शहरे मात्र तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहत असतात. एके दिवशी शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि आपल्या गट नंबरावर पिवळा, हिरवा किंवा आणखी कुठला रंग चढतो. त्या रंगावर जमिनीचे मोल ठरते. तो रंग पक्का होण्यापूर्वी नागरिकांना बोलण्याची एक संधी कायद्याने दिली आहे. ती कशी वापरावी, हा या लेखाचा विषय.

अल रीम आयलंडवर राहणाऱ्यांना आराखडा म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. अबू धाबीने २००७ साली २०३० पर्यंतचा आपला आराखडा मांडला. येथे आधी नकाशा, मग पूल आणि इमारती, आणि सर्वांत शेवटी आपण, असा क्रम आहे. २०२३ साली हे बेट अबू धाबी ग्लोबल मार्केटच्या कक्षेत आले, तेव्हा आपण भाडेकरारांचे नवे नियम वाचले आणि कामाला लागलो. महाराष्ट्रात क्रम उलटा आहे. तेथे माणसे, विहिरी, गोठे आणि देवळे आधीपासून आहेत. नकाशा त्यांच्यावर नंतर येतो. म्हणूनच तेथे हरकतीला महत्त्व आहे.

महाराष्ट्रात हा सारा कारभार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली चालतो. नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा विकास प्राधिकरण, आधी जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा तयार करते. त्यावर पुढील वीस वर्षांची प्रस्तावित योजना बेतली जाते. कलम २६ खाली ही प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत किती हे नोटिशीतच पाहावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये. पिंपरी-चिंचवडच्या आराखड्याला २०२५ साली साठ दिवस होते, तर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आराखड्याला २०२१ साली आधी तीस दिवसच मिळाले होते. कलम २८ खाली नियोजन समिती हरकतदारांना बोलावून सुनावणी घेते आणि अहवाल देते. त्यानंतर योजना शासनाकडे जाते व कलम ३१ खाली मंजूर होते. शासनाने महत्त्वाचे फेरबदल सुचविले, तर तेवढ्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. हा दुसरा टप्पा लोक हमखास विसरतात. पहिल्या सुनावणीत सुटलेली जमीन या फेरीत पुन्हा अडकल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा मंजुरीची अधिसूचना निघेपर्यंत लक्ष ठेवावे.

एवढ्या सगळ्याचा उपयोग होतो का, असे कोणीही विचारील. आकडे बोलके आहेत. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ साली सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुकांवर एवढा गदारोळ झाला की दोनच महिन्यांत तो रद्द झाला. सुधारित आराखडा २०१६ साली पुन्हा लोकांपुढे आला आणि २०१८ साली मंजूर झाला. पुणे महानगर प्रदेशाचा २०२१ चा प्रारूप आराखडा सुमारे आठशे गावांचा होता. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, २०२२ पासून सुनावण्या झाल्या, आणि २०२५ साली तो आराखडाच शासनाने रद्द केला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या आराखड्यात मोशी येथे, म्हणजे आळंदीच्या जवळ, कत्तलखान्याचे आरक्षण पडले होते. वारकरी उभे राहिले आणि ते आरक्षण वगळण्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले.

मात्र संख्येचा दबाव आणि तुमच्या गट नंबराचा निकाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हजार लोकांनी छापील अर्जावर सह्या केल्या तर राजकारण हलते, पण तुमच्या विहिरीवरून गेलेला रस्ता तेवढ्याने हलत नाही. त्यासाठी तुमच्या जमिनीपुरती स्वतंत्र, पुराव्यानिशी केलेली हरकत लागते. माझा व्यवसाय संगणक प्रणाली लिहिण्याचा. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार येते ती दोन प्रकारची असते. एक म्हणतो, "तुमचे सॉफ्टवेअर चालत नाही." दुसरा सांगतो, कोणत्या पडद्यावर, कोणता आकडा टाकल्यावर, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. पहिल्याचे पत्र आम्ही सहानुभूतीने वाचतो. दुसऱ्याचे काम त्याच दिवशी होते. नगररचना अधिकारीही शेवटी माणूसच असतो.

उदाहरण घरचेच देतो. गावाचे व प्राधिकरणाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आमची सामाईक शेती तीन एकर दहा गुंठे, म्हणजे १३० गुंठे. प्रारूप आराखड्यात तिच्यातून २४ मीटर रुंदीचा रस्ता दाखविला होता. शेतातली त्याची लांबी सुमारे ११० मीटर. गुणाकार केला तर २,६४० चौरस मीटर, म्हणजे २६ गुंठे होतात. जमिनीचा पाचवा हिस्सा, आणि तोही मधोमध, विहीर व गोठ्यासकट. काकांचे पहिले पत्र असे होते : "आम्ही गरीब शेतकरी आहोत, आमच्यावर अन्याय होत आहे, तरी रस्ता रद्द करावा." पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. पण ते वाचून नकाशावर नेमके काय बदलायचे, हे कोणालाच कळले नसते.

मग आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीची 'क' प्रत काढली. प्राधिकरणाकडून त्या भागाचा भाग नकाशा घेतला. रीमवरच्या माझ्या टेबलावर दोन्ही नकाशे उपग्रहाच्या छायाचित्रावर एकमेकांवर बसवून पाहिले. बांधाचे तीन कोपरे जुळले की बाकी आपोआप जुळते. हे काम नववीतल्या मुलालाही जमेल. तेव्हा दिसले की विद्यमान वापराच्या नकाशात विहीर आणि गोठा असलेली जागा 'पडीक' दाखविली होती. आणि साठ मीटरवर, दोन गावांच्या शिवेवरून, जुना गाडीरस्ता जात होता. तो नकाशात नव्हताच. एवढे हाती लागल्यावर हरकत दीड पानात मावली. गट नंबर, आराखड्यातील पत्रकाचा क्रमांक आणि रस्त्याची रुंदी. विद्यमान वापराची नोंद चुकीची असल्याचा पुरावा म्हणून सात-बारावरील विहिरीची नोंद, वीजपंपाचे बिल आणि छायाचित्रे. शेवटी पर्याय : रस्ता शिवेवरच्या गाडीरस्त्यावरून न्यावा, म्हणजे दोन्ही टोके तशीच जुळतात.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. शिवेवरून रस्ता नेला तर आमचे गुंठे वाचतात, पण शिवेपलीकडच्या शेजाऱ्याचे जातात. नकाशावर रेघ सरकवणे सोपे असते. त्या रेघेवर कोणीतरी राहत असते. काका म्हणाले, "अर्ज देण्याआधी मी त्याच्याशी बोलतो." दोन संध्याकाळी बैठक झाली. शेजारी रागावले, मग त्यांनीही आपली मोजणी आणली. शेवटी रस्त्याचा मध्य शिवेवर धरावा, दोघांनी निम्मे-निम्मे सोसावे, अशी संयुक्त सूचना दोघांच्या सह्यांनी गेली. सुनावणी पाच मिनिटे चालली. समितीच्या अहवालात तशी शिफारस आली आहे. अंतिम मंजुरी व्हायची आहे.

आता हिरव्या पट्ट्याविषयी. वेशीवरच्या जमिनींवरील हरकतींत एक मागणी फार असते : आमची जमीन शेती विभागातून काढून रहिवास विभागात घाला. मागणी समजण्यासारखी आहे, कारण भावातला फरक डोळे दिपवणारा असतो. पण "शेजारचा गट पिवळा झाला, मग आमचा का नाही?" एवढे कारण पुरत नाही. जवळचा मंजूर रस्ता, पाण्याची सोय, लगतचे गावठाण, जमिनीचा उतार यांवर बोलावे. ओढ्याकाठची किंवा डोंगरउताराची जमीन असेल, तर मागणी करण्यापूर्वी स्वतःच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यात १९९७ साली समाविष्ट झालेल्या गावांपैकी २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरील ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी राखण्याचा प्रस्ताव आला. टेकड्या वाचवा म्हणणारे नागरिक आणि आमची जमीन फुकट जाणार म्हणणारे मालक, दोघांचेही म्हणणे वर्षानुवर्षे चालले. २०१५ साली आरक्षण कायम झाले आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला गेला. मालकांना तो तुटपुंजा वाटतो, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, माणसे वाहून गेली. टेकडीवर न मुरलेले पाणी खाली कोठेतरी जातेच. एप्रिल २०२४ मध्ये अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा वाळवंटातसुद्धा पाण्याने आपली वाट शोधली हे आपण येथेच पाहिले. हे सदर आरोग्य आणि अर्थ या दोहोंचे आहे म्हणून लिहितो : ओढा नकाशात दाखवा, ही सूचना देणारा माणूस अख्ख्या वस्तीचा जीव वाचवीत असतो. ती सूचना करायला जमीन आपल्या नावावर असावी लागत नाही. कायद्याप्रमाणे कोणीही हरकत वा सूचना देऊ शकतो.

आर्थिक बाजूच्या चार गोष्टी. आखाती मंडळींना गाठून "येत्या डीपीत येलो होणार" म्हणून शेतजमिनीचे तुकडे विकणारे दलाल सुट्टीत भेटतात. अनिवासी भारतीयाला परकीय चलन कायद्याखाली शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळालेली ठेवता येते आणि ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. महाराष्ट्रात घेणाराही सर्वसाधारणपणे शेतकरीच असावा लागतो. शिवाय प्रारूप म्हणजे प्रारूप. २०२१ च्या नकाशावरचा पिवळा रंग पाहून ज्यांनी पैसे ओतले, त्यांच्या हाती २०२५ साली रद्द झालेला कागद राहिला. व्यवहारापूर्वी मंजूर योजनेचा झोन दाखला मागावा, तोंडी शब्द नको.

दुसरे, प्राप्तिकर. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत असलेली जमीन ग्रामीण धरली जात नाही. लहान गावांना हे अंतर सहा किंवा दोन किलोमीटर आहे, आणि ते रस्त्याने नव्हे, सरळ हवाई रेषेत मोजतात. शहराची हद्द वाढली की ही रेषाही पुढे सरकते. जमीन जागीच असते, कर मात्र लागू होतो. करपात्र जमीन अनिवासी व्यक्तीने विकली, तर घेणाऱ्याने उगमस्थानी करकपात करणे बंधनकारक आहे. किमतीचा मेळ घालताना हे आधीच धरावे.

तिसरे, आरक्षण पडले म्हणून जमीन कायमची गेली असे नाही. अंतिम योजना अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि संपादन झाले नाही, तर कलम १२७ खाली मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडावे लागतात, म्हणून वारसनोंदीचे फेरफार रेंगाळत ठेवू नयेत. आजोबांच्या नावावरचा सात-बारा घेऊन भांडायला गेलेला नातू निम्मी लढाई दाराशीच हरतो.

चौथे आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांसाठी. हरकत नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर व पद्धतीनेच पाठवावी आणि आवक क्रमांकासह पोच मागून घ्यावी. पोच नसेल तर सुनावणीचे बोलावणे आले नाही अशी तक्रारही करता येत नाही. बोलावणे गावच्या पत्त्यावर जाते, म्हणून तेथल्या विश्वासू माणसाचा दूरध्वनी क्रमांक अर्जात लिहावा. सुनावणीला स्वतः जाणे जमत नसेल, तर त्या माणसाच्या नावे येथूनच कुलमुखत्यारपत्र करून भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यावे. त्यात सुनावणीस हजर राहणे, कागद देणे व प्रती घेणे एवढेच अधिकार लिहावेत. विक्रीचा अधिकार अनवधानाने जाऊ देऊ नये. आणि ते पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरून घ्यावे.