लॅपटॉपला डिस्क सापडत नाही तेव्हा

दुकानाचा लॅपटॉप सुरू केला आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच अक्षरे उमटली, तर व्यापाऱ्याला पहिली चिंता वाटते ती हिशेबांची. परंतु कुलूप उघडत नाही म्हणजे तिजोरी रिकामी झाली, असे नव्हे. ज्या डिस्कवरून विंडोज सुरू व्हायचे, ती यंत्राला सापडली नाही किंवा वाचता आली नाही, एवढाच या संदेशाचा अर्थ.

लॅपटॉप चालू होताच प्रथम ‘बायोस’ नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो आणि ठरलेल्या क्रमाने डिस्क शोधतो. म्हणून आपणही तपास क्रमानेच करावा.

प्रथम यंत्र बंद करून पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवावी. कधी कधी बायोस त्यांच्यातच अडकतो. तरीही संदेश आला, तर पुन्हा सुरू करताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी आपल्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून बायोस उघडावा आणि यादीत डिस्कचे नाव आहे का, ते पाहावे.

नाव असेल, तर दोष बहुधा बूटचा क्रम किंवा मोड बदलण्यात, अथवा विंडोजच्या फाइली बिघडण्यात असतो. बायोसमधील तारीखही चुकलेली दिसली, तर आतील लहान बॅटरी संपून मांडणी बदलली असण्याची शक्यता असते. नाव नसेल, तर डिस्कची जोडणी सैल झाली आहे किंवा डिस्कच निकामी झाली आहे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. पुन्हा पुन्हा चालू केल्याने हानी वाढते. एसएसडी मात्र आवाज न करताही बंद पडू शकते.

दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट करून विंडोज नवीन टाकतो’ असे सुचवले जाते. यंत्र त्याने सुरू होईल, पण डेटा पुसला जाईल. आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, हिशेबांची प्रत घ्यावी, मगच होकार द्यावा. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आजच पाहून कागदावर उतरवून ठेवावे.

हे महत्त्वाचे, कारण जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. एका डिस्कच्या भरवशावर एवढा काळ काढणे धोक्याचे आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुकानाबाहेर, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. प्रत घेतली की ती अधूनमधून दुसऱ्या यंत्रावर उघडूनही पाहावी. बँकेत रोख मोजल्याशिवाय दिवसाचा हिशेब बंद होत नसे. बॅकअपचेही तसेच आहे.