बनारसी साडी : नाव मोठे, विणकराचा वाटा लहान

लग्नाच्या खरेदीत बनारसी साडीचा मान आजही कायम आहे. वधूच्या साडीसाठी घरातली माणसे चार दुकाने पालथी घालतात, पदर उलगडून पाहतात, भावावर घासाघीस करतात. परंतु या साडीच्या किमतीतले किती रुपये विणणाऱ्या हाती पडतात, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. या धंद्याची घडण नीट समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही, म्हणून या अंकात आम्ही त्याची माहिती देत आहोत.

बनारसच्या मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा, पीली कोठी या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आले आहेत. विणणारे बहुतांश अन्सारी बिरादरीचे मुसलमान, तर माल घेऊन देशभर पाठविणारे व्यापारी बहुतांश हिंदू. दोघांचेही पोट एकाच साडीवर चालते. बनारसबाहेर आझमगढ जिल्ह्यातील मुबारकपूर आणि शेजारच्या मऊ या गावांतही हाच व्यवसाय आहे. मालेगाव आणि भिवंडीच्या आमच्या वाचकांना ही नावे परकी वाटणार नाहीत. १८५७ नंतरच्या काळात याच पट्ट्यातून अनेक मोमीन विणकर कुटुंबे महाराष्ट्रात येऊन स्थायिक झाली. इथे त्यांच्या पुढच्या पिढ्या यंत्रमागाकडे वळल्या, बनारसमध्ये हातमाग अधिक काळ टिकला.

साडी कशी तयार होते

बनारसी साडीचा जीव तिच्या नक्षीत आहे. ही नक्षी कापडावर छापलेली किंवा भरलेली नसते, ती विणतानाच आडव्या धाग्याने उठविलेली असते. पूर्वी नक्शेबंद कारागीर धाग्यांच्या गाठींनी नक्षीचा आराखडा बांधीत आणि मागावरचा मदतनीस त्याप्रमाणे उभे धागे उचलून धरी. जॅकार्ड यंत्र आल्यावर हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर आले. आता नक्षी संगणकावर काढली जाते. हातमागावर धोटा टाकणारा हात मात्र माणसाचाच असतो.

खरेदीदाराने दोन शब्द ध्यानात ठेवावेत : कढुआ आणि फेकुआ. कढुआ पद्धतीत प्रत्येक बुट्टी वेगवेगळ्या लहान कांडीने स्वतंत्र विणली जाते. धागा बुट्टीपुरताच फिरतो, त्यामुळे साडीची उलटी बाजू स्वच्छ राहते. आपल्या पैठणीच्या पदरातही रंगारंगाच्या वेगवेगळ्या कांड्या चालतात, त्यावरून या कामाच्या मेहनतीची कल्पना येईल. फेकुआ पद्धतीत नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत फेकला जातो आणि बुट्टी नसेल तिथे मागच्या बाजूला लोंबत राहतो. हे सुटे धागे नंतर कात्रीने कापले जातात. त्याला कटवर्क म्हणतात. हे कापण्याचे काम बहुधा घरातल्या बायका-मुली करतात.

फेकुआ साडी लवकर होते. कढुआला पंधरा-वीस दिवसांपासून काही महिनेही लागतात. साध्या यंत्रमागावर फेकुआची नक्कल सहज निघते, कढुआची निघत नाही. नक्कल आणि अस्सल यांच्यातली स्पर्धा याच ठिकाणी सुरू होते.

पैसा कुठे जातो

बनारसमध्ये विणकरांचे साधारणपणे तीन प्रकार आहेत. पहिला स्वतःचे रेशीम विकत घेऊन स्वतःची साडी विकणारा. दुसरा स्वतःच्या घरी, स्वतःच्या मागावर, परंतु दुसऱ्याच्या रेशमावर मजुरीने विणणारा. तिसरा दुसऱ्याच्या मागावर मजुरी करणारा. रेशीम, जर आणि नक्षी पुरविणाऱ्या मोठ्या विणकराला तिथे गिरस्ता म्हणतात. गिरस्ता माल गद्दीदार व्यापाऱ्याकडे नेतो. गद्दीदाराकडून तो दलालामार्फत किंवा थेट मोठ्या शहरांतील दुकानांत जातो.

रेशीम मुख्यतः कर्नाटकातून किंवा चीनमधून येते, जर सुरतेहून येते. दोन्हींचे भाव विणकराच्या हातात नाहीत. रेशीम महागले तरी साडीचा भाव त्याच दिवशी वाढत नाही. ज्याच्यापाशी भांडवल नाही तो उचल घेतो, आणि उचल घेतलेल्याला भाव करता येत नाही. माल जमा करताना बारीकसा दोष दाखवून मजुरी कापणे आणि पैसे रोख न देता पुढच्या तारखेचा चेक देणे, या विणकरांच्या जुन्या तक्रारी आहेत. घरात आज चूल पेटवायची असेल तर तो चेक कमी रकमेत वटवून घ्यावा लागतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा एका कढुआ साडीची मजुरी सहा हजार रुपये ठरली आणि ती वीस दिवसांत झाली. वरवर पाहता रोज तीनशे रुपये पडले. परंतु मागावर मदतीला मुलगा बसला होता, कांड्या भरायला बायको होती आणि माग जोडण्यात काही दिवस गेले. हे सर्व धरले तर एका माणसाच्या वाट्याला साध्या बिगाऱ्याच्या रोजाइतकेही उरत नाही. मुलाने माग सोडून रिक्षा चालविली किंवा सुरतेच्या यंत्रमागावर नोकरी धरली, तर त्याला दोष कसा द्यावा?

ही अवस्था एकट्या बनारसची नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशभरात सुमारे ३५ लाख विणकर आणि सहायक कामगार नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी आढळले.

कायदे आहेत, पहारा कमी

१९८५ च्या कायद्याने काही वस्तू हातमागासाठी राखून ठेवण्यात आल्या. आज त्या यादीत अकरा प्रकार आहेत आणि त्यांत ठरावीक प्रकारच्या साड्याही येतात. तरीही यंत्रमागावरचा माल हातमागाच्या नावाने विकला जातो. २००१ मध्ये आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यावर चिनी रेशमी कापडाचीही स्पर्धा वाढली. खुद्द बनारसमध्ये अनेक विणकरांनी हातमाग काढून यंत्रमाग बसविले. २०२० साली यंत्रमागाच्या विजेच्या दरावरून तिथे ‘मुर्री बंद’, म्हणजे विणकरांचा संप झाला, तोही याच बदलाची खूण आहे.

२००९ मध्ये बनारसी ब्रोकेड व साडीला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. वाराणसी, मिर्झापूर, चंदौली, भदोही, जौनपूर आणि आझमगढ हे सहा जिल्हे तिच्या कक्षेत येतात. या नोंदणीमुळे नाव सुरक्षित झाले. परंतु तिचा लाभ घ्यायचा तर विणकराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. उचलीवर जगणारा, दुसऱ्याच्या रेशमावर विणणारा कारागीर या कागदपत्रांपर्यंत पोहोचणे कठीण असते. साडीवर त्याचे नावही नसते. म्हणून नावाची वाढलेली किंमत ज्याच्या हाती बाजार आहे त्याच्याकडेच राहते.

आपण काय करावे

खरेदीदारांनी साडी उलटी करून पाहावी. मागे कापलेल्या धाग्यांची टोके दिसली तर ते कटवर्क आहे, त्याला कढुआचा भाव देऊ नये. २००४ पासून रेशमासाठी सिल्क मार्क आणि २००६ पासून हातमागासाठी हँडलूम मार्क ही चिन्हे आहेत. दोन्ही वेगळी आहेत, हे विसरू नये. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो, साडी हातमागाची असल्याचे सांगत नाही. शंका असेल तर एखादा सुटा धागा जाळून पाहावा. रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. साडी हातमागाची म्हणून घेतली असेल तर बिलावर तसे लिहून घ्यावे. दुकानदाराने लेखी दिले की फसवणुकीला आळा बसतो.

दुकानदार बांधवांनी यंत्रमागाचा माल यंत्रमागाचा म्हणूनच विकावा. त्यालाही गिऱ्हाईक आहे आणि तो विणणाराही मेहनतच करतो. कमी किमतीची साडी घेणाऱ्याचा त्यात अपमान नाही. मात्र एकाच नावाने दोन्ही विकले, की अस्सल विणणाऱ्याला नकलेच्या भावाशी झुंजावे लागते, आणि त्या झुंजीत तो नेहमी हरतो. शक्य असेल तिथे विणकरांच्या सहकारी संस्थेकडून थेट माल घ्यावा आणि पैसे वेळेवर चुकते करावेत. वेळेवर मिळालेली मजुरी हीच विणकराला सर्वांत मोठी मदत आहे.

विणकर बिरादरीतील शिकलेल्या तरुणांनाही आमचे सांगणे आहे. विणणे येते, परंतु हिशेब, नोंदणी आणि विक्री दुसऱ्याच्या हातात आहे, इथेच धंदा अडला आहे. घरात एकाने माग सांभाळावा आणि एकाने बाजार शिकावा. दहा घरांनी मिळून रेशीम घेतले तर भाव करता येतो, दहा घरांनी मिळून माल विकला तर कापलेल्या मजुरीचा जाब विचारता येतो. हे जमले नाही, तर बनारसी साडी दुकानात राहील, पण ती हाताने विणणारा माणूस शोधावा लागेल.