मानमोडीच्या साली जन्मलेली बाई

इतिहासाची पुस्तके सालांनी चालतात. आमच्या माणसांची वये साथी आणि दुष्काळ मोजतात. बार्शीची माझी आजी ‘मानमोडीच्या साली’ जन्मली. कागदावर नोंद नाही. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती मुंबई बंदरातून देशात शिरली आणि एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. म्हणजे जगाचा इतिहास आमच्या वस्तीपर्यंत आला होता. त्याने फक्त आमची नावे लिहून घेतली नाहीत.

त्या दशकात हिंदुस्थानात जन्मणाऱ्याचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. आजी 1992 साली गेली. तिच्या या चौऱ्याहत्तर वर्षांशेजारी जगाची साले मांडून पाहावीत.

ती सहा वर्षांची होती तेव्हा, 1924 मध्ये, बार्शीत बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेब बोलले. 1927 साली बार्शी लाईट रेल्वे मिरजेपर्यंत पोहोचली. त्याच साली महाडला माणसांना तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आगगाडीला वाट मिळाली, ओंजळीला नाही. 1950 च्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आजीने मत दिले. स्वित्झर्लंडमधील बाईला देशाच्या निवडणुकीत हा हक्क 1971 साली मिळाला. पण देशाचे सरकार निवडणारी माझी आजी सवर्णांच्या आडापाशी घागर घेऊन, कोणी पाणी वाढेल म्हणून थांबत होती. 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडत होती.

समाज एकामागून एक पायऱ्या चढत पुढे जातो, असे आपल्याला शिकवले जाते. हे आयुष्य तसे सांगत नाही. एकच बाई एका हक्कात युरोपच्या पुढे आणि दुसऱ्यात शतके मागे असू शकते. मत कायद्याने दिले. पाणी शेजाऱ्याच्या हातात राहिले. तो हात काळाने आपोआप सैल होत नाही. महाड आणि 1956 चे धर्मांतर यांचे मोल येथे कळते: ती साले आमच्या माणसांनी स्वतः घडवली.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील म्हाताऱ्यांना विचारावे: कोणत्या साथीत जन्मलात, कोणत्या दुष्काळात लग्न झाले, पहिले मत कधी दिले, पाणी स्वतःच्या हाताने कधी शेंदले? उत्तरांपुढे साले लिहावीत. आमचा इतिहास त्या वहीतून सुरू होईल.