वर्दी येण्यापूर्वी

पाळी बदलताना जाणाऱ्या चालकाने येणाऱ्याच्या हाती किल्ली देण्यापूर्वी दोघांनी मिळून प्राणवायूचा सिलिंडर तपासावा, असा आमच्या रुग्णवाहिकेचा दंडक आहे. चावीने झडप हलकेच उघडायची, दाबमापकाचा काटा कोठे स्थिरावतो ते पाहायचे, बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे संथपणे उठतात याची खात्री करून घ्यायची आणि मग झडप बंद करून नळीत अडकलेला वायू सोडून द्यायचा. एवढे झाल्यावरच नोंदवहीत दोघांच्या सह्या होतात. लहान सिलिंडरात सुमारे १५०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटास ५ लिटर या प्रमाणाने तो ५ तास पुरतो, पण १० लिटर लागू लागले की मुदत निम्म्यावर येते. हा हिशेब पाळीच्या आरंभी केला नाही, तर रुग्ण गाडीत असताना अर्ध्या वाटेवर करावा लागतो. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वाड्यावस्त्यांतून ही गाडी चालविताना मला निःसंशय पटले ते हे की, स्वयंसेवेत उत्साहापेक्षा दप्तराला अधिक मान दिला पाहिजे.

गाडी घेण्यासाठी मुंबईकर ग्रामस्थांच्या मंडळाने सढळ हाताने वर्गणी दिली; परंतु विमा, टायर, बॅटरी, योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण आणि रोजचे डिझेल यांसाठी दरवर्षी पदर पसरावा लागतो, आणि अशा वेळी वर्दी कधी आली, गाडी कधी निघाली, रुग्ण कधी हाती आला व रुग्णालयात कधी सोपविला या चार वेळांच्या नोंदी आणि पावत्यांशी जुळणारा जमाखर्च हीच आमची शिफारस ठरते.

शासनाची १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. आमच्या गाडीत तो नसतो. म्हणून रुग्ण अत्यवस्थ असल्यास आम्ही प्रथम तिकडे वर्दी देण्यास सांगतो आणि रुग्णाला घेऊन हमरस्त्यापर्यंत सामोरे जातो.

परंतु साकवापाशी गाडीचा रस्ता संपतो, तेथून पुढचे काम कोणत्याही क्रमांकाने होत नाही. भर पावसाळ्यातील एका रात्री वरच्या वाडीतून एका वृद्धाला दम लागल्याची वर्दी आली. घरी पोहोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी झोळी बांधून ठेवली होती आणि नातू म्हणत होता, "आजोबांना आडवं करा, जरा आराम पडेल." आमचा मदतनीस शांतपणे म्हणाला, "दादा, आजोबांना बसवूनच नेऊया. आडवे झाले तर दम वाढेल." मग घरातल्याच हातांच्या खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले, आजोबांचे तोंड उताराकडे केले, खुर्ची किंचित मागे कलती राहावी म्हणून उंच माणसे खालच्या अंगास घेतली, आणि एक जण विजेरी घेऊन पुढे चालू लागला. "पायरी... शेवाळ... उजवीकडे धरा..." अशी त्याची हाक ऐकत, जांभ्या दगडाच्या त्या निसरड्या पाखाडीवरून आम्ही कोणीही घाई न करता उतरलो, आणि आजोबा बसल्या स्थितीतच रुग्णालयात दाखल झाले. धावपळीचे कौतुक करणाऱ्यांनी ही संथ उतरण एकदा पाहावी, असे मला मनापासून वाटते.

रस्त्यावरील अपघातात मात्र पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक अजूनही दूर उभे राहतात. ही भीती आता अनाठायी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. जखमीजवळ निःशंकपणे जावे.

वर्दी देणाऱ्यांना एवढीच विनंती, की गावाबरोबर वाडीचे नाव आणि जवळचे देऊळ किंवा शाळा सांगावी, रुग्ण बोलतो का, बसू शकतो का, श्वास कसा घेतो ते सांगावे, फोन मोकळा ठेवावा आणि एका माणसाला विजेरी देऊन फाट्यावर उभे करावे.