मधमाश्यांसाठी फुलझाडे

भिलाईच्या पोलादनगरीत क्वार्टरांपुढे बाग करताना एकेरी पाकळ्यांची फुले निवडावीत. भरगच्च गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून परागकण कमी मिळतात. कॉसमॉस, सूर्यफूल आणि एकेरी झिनिया सरस. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, अतिनील मात्र दिसतो. निळी, जांभळी, पिवळी फुले ती चटकन हेरते. लाल जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतो.

तुळशीच्या मंजिऱ्यांवर सातेरी आणि फुलोरी माश्या हमखास येतात. परसात वांगी, टोमॅटो असतील तर भुंगा फार मोलाचा. त्यांचे परागकोश टोकाच्या छिद्रातून उघडतात. भुंगा अंग थरथरवून पराग झाडतो, मधमाशीला ते साधत नाही. फुलोऱ्यावर कीटकनाशक मुळीच फवारू नये. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवावे.