तापातली आकडी : आधी घड्याळ पाहा!

समजा, तुमचे घर कारंजा (घाडगे) येथे आहे. वाशीम जिल्ह्यातले कारंजा (लाड) नव्हे, तर वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे, संत्र्यांच्या बागांचे कारंजा. दिवस कापूस वेचणीचे आहेत. आईबाबा शेतावर गेले आहेत, आजी ओसरीवर बसली आहे आणि दीड वर्षाचा धाकटा भाऊ तुमच्या मांडीवर आहे. सकाळी त्याचे अंग जरा कोमट लागत होते, आता चांगलेच तापले आहे. एकाएकी त्याचे डोळे वर फिरतात, अंग लाकडासारखे ताठ होते आणि हातपाय झटके देऊ लागतात. ओठ निळसर पडतात, तोंडाला फेस येतो. हाका मारल्या तरी तो ओ देत नाही. आजी किंचाळते, "पोरगं गेलं!"

पोरगं गेलेलं नसतं. त्याला आलेली असते तापातली आकडी. कोणी तिला झटके म्हणतात, कोणी फिट. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या दर शंभर मुलांपैकी दोन ते पाच मुलांना ती केव्हा ना केव्हा येते. दीड वर्षाच्या आसपास तिचे प्रमाण सर्वांत जास्त असते. म्हणजे तुमच्या शाळेत पाचशे मुले असतील, तर त्यांतल्या दहा-पंचवीस जणांना लहानपणी ती येऊन गेली असणार. आज ती कबड्डी खेळताना दिसतात, आणि त्यांची त्यांनाही ती आठवत नाही!

ही आकडी येते कशी? आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी निरोप धाडतात. काही निरोप 'चालू दे' असे सांगतात, काही 'थांब' असे. या दोहोंचा तोल सांभाळला जातो म्हणून आपण लिहितो, चालतो, बोलतो. लहान मुलाचा मेंदू अजून घडत असतो आणि त्यातली 'थांब' म्हणणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. त्यातच ताप आला, की वाढत्या उष्णतेने चेतापेशी अधिक चळतात. शिवाय जंतूंशी झुंजताना शरीर जी रसायने सोडते, त्यांतली काही या पेशींना आणखी चेतवतात. मग असंख्य पेशी एकाच वेळी स्पंदने सोडू लागतात. भरलेल्या वर्गात गुरुजी बाहेर गेल्यावर जसा कल्लोळ होतो, तसेच! त्याच गोंधळाचे हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचतात आणि हातपाय झटकू लागतात. पण ताप तर सगळ्याच मुलांना येतो, मग आकडी थोड्यांनाच का? याचे उत्तर बरेचसे आनुवंशिकतेत आहे. आईला, वडिलांना किंवा भावंडाला अशी आकडी येऊन गेलेली असेल, तर त्या घरातल्या मुलाला ती येण्याचा संभव जास्त असतो.

आता तुम्ही काय करायचे? पहिले काम, घड्याळ पाहणे. हसू नका. भेदरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते, आणि पुढचा सारा निर्णय त्या मिनिटांवरच अवलंबून असतो. मग भावाला सपाट जागी कुशीवर निजवा, म्हणजे लाळ किंवा ओकारी बाहेर पडेल आणि श्वासनलिकेत शिरणार नाही. गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करा, डोके आपटू नये म्हणून खाली गोधडीची घडी घाला. बस्स, एवढेच. हातपाय दाबून धरू नका, कारण झटके त्यामुळे थांबत नाहीत, इजा मात्र होते. दातखीळ उघडायला चमचा घालू नका. जीभ गिळली जाते ही समजूत खोटी आहे. पण चमच्याने दात मोडतो, हे खरे. तोंडात पाणी किंवा औषध ओतणे तर सर्वांत वाईट. कांदा हुंगवला, चप्पल नाकाशी धरली, की आकडी थांबते असे आजी शपथेवर सांगेल. तिचे डोळे तिला फसवत नाहीत. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, कांदा शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ झालेलाच असतो!

आकडी पाच मिनिटांनंतरही चालू राहिली, तर मात्र वाट पाहू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दवाखान्यात ती थांबवणारे औषध शिरेतून किंवा नाकातल्या फवाऱ्याने देता येते.

"याला मिरगी लागली" असे शेजारीपाजारी लगेच म्हणू लागतात. मुलगी असली तर तिच्या लग्नाची काळजी तेव्हापासूनच सुरू होते. हे खरे की खोटे, ते मोजूनच ठरवायला हवे, आणि शास्त्रज्ञांनी तसे मोजले आहे. अमेरिकेत सुमारे ५४ हजार मुलांची जन्मापासून सात वर्षांची होईपर्यंत नोंद ठेवली गेली. त्यांतल्या १,७०६ मुलांना तापातली आकडी आली होती. नेल्सन आणि एलेनबर्ग या संशोधकांनी १९७६ व १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या आकडीने मुलांची बुद्धी मंदावत नाही, आणि पुढे अपस्मार, म्हणजे मिरगी, होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा किंचितच अधिक असतो. इतरांत तो शंभरात एकाच्या आसपास, तर यांच्यात दोघांच्या आसपास धरतात.

मात्र आकडी पुन्हा येऊ शकते. तीनांपैकी एका मुलाला दुसऱ्या एखाद्या तापात ती परत येते. मग ताप चढू लागताच औषध दिले, तर टळेल ना? तुम्हाला असेच वाटेल, डॉक्टरांनाही पुष्कळ वर्षे वाटत होते. फिनलंडमध्ये २३१ मुलांवर हे तपासले गेले. काहींना तापाची खरी औषधे, काहींना औषधाविना नुसत्या दिखाऊ मात्रा. निष्कर्ष २००९ साली आला : दोन्ही गटांत आकडी सारख्याच प्रमाणात परतली. तापाचे औषध मुलाला बरे वाटावे म्हणून द्यायचे, आकडी टाळण्यासाठी नव्हे. तेव्हा आकडी आलीच, तर आईने "मी औषध उशिरा दिले" म्हणून रडत बसण्याचे कारण नाही.

आता सावधगिरीची बाजू, आणि ती आपल्या भागाची आहे. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. गावाचेच नाव त्याला मिळाले. वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूने मुलांच्या मेंदूला सूज येते. तिथेही ताप आणि झटकेच दिसतात. पण मूल शुद्धीवर येत नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले अशा आजाराने आजारी पडली, १८३ दगावली. २००७ साली नागपूर विभागातही साथ आली होती. साध्या आकडीनंतर मूल थोडा वेळ पेंगते, पण तासाभरात ओळख देते, दूध मागते. ते गुंगीतच राहिले, मान ताठ झाली, सारख्या ओकाऱ्या होऊ लागल्या, झटके एकाच बाजूला आले, चोवीस तासांत पुन्हा आले किंवा मूल सहा महिन्यांहून लहान असले, तर तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे.

पहिली आकडी साधी वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवेच, कारण ताप कशाने आला ते त्यांना शोधायचे असते. ते विचारतील : किती मिनिटे चालली? झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच? शुद्धीवर यायला किती वेळ लागला? घरात आणखी कोणी असेल, तर त्याला मोबाइलवर चित्रफीत घ्यायला सांगा. ती पाहून डॉक्टरांना पुष्कळ कळते. तुम्ही मात्र भावाजवळून उठू नका.